दीर्घिका आणि त्यांचे प्रकार : पाठ करण्याचा नव्हे, पाहण्याचा धडा

आमच्या अभ्यासवर्गात इयत्ता आठवी ते दहावीची मुले-मुली येतात. विज्ञानाचा तास आम्ही तिघे-चौघे मिळून घेतो. काही वर्षांपूर्वी आम्ही ‘दीर्घिका व त्यांचे प्रकार’ हा धडा घेतला. फळ्यावर चार प्रकार लिहिले, प्रत्येकापुढे दोन-दोन ओळी लिहिल्या आणि मुलांनी त्या वहीत उतरवून घेतल्या. पुढच्या आठवड्यात लेखी चाचणी घेतली तेव्हा बहुतेकांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. आम्हीही समाधान पावलो. त्यानंतर सहज म्हणून एका जुन्या कॅलेंडरवरील दीर्घिकेचे रंगीत चित्र वर्गापुढे धरले आणि विचारले, “ही कोणत्या प्रकारची?” सगळा वर्ग गप्प! अखेर नववीतील एक मुलगी उठून म्हणाली, “सर, हे प्रकार ठरवले कोणी? आणि त्यांनी ते कशावरून ठरवले?”

त्या दिवशी आम्हाला तिच्या प्रश्नाचे नीट उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता आमची शिकवण्याची पद्धतच बदलली. आपापल्या वस्तीत असे वर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांना उपयोग व्हावा, म्हणून तो अनुभव आणि त्यासोबतची माहिती येथे देत आहोत.

१) आधी शब्दांचा घोळ मिटवावा

मुलांचा पहिला गोंधळ शब्दांचा असतो. अंधाऱ्या रात्री आकाशात उत्तर-दक्षिण पसरलेला जो दुधी पट्टा दिसतो, त्याला आपण आकाशगंगा म्हणतो. हा पट्टा म्हणजे आपण ज्या तारकासमूहात राहतो, तोच आतून पाहिल्यावर दिसणारा देखावा होय. आपला सूर्य या समूहातील एक तारा. अशा प्रचंड समूहाला मराठीत दीर्घिका म्हणतात. म्हणजे ‘दीर्घिका’ हे जातीचे नाव आणि ‘आकाशगंगा’ हे आपल्या दीर्घिकेचे विशेषनाव. जसे ‘नदी’ आणि ‘गोदावरी’. आपल्या दीर्घिकेला मंदाकिनी असेही म्हणतात.

दीर्घिकेत तारे असतात, ताऱ्यांच्या मधला वायू व धूळ असते आणि या सर्वांना गुरुत्वाकर्षणाने एकत्र धरणारे पुष्कळसे अदृश्य द्रव्यही असते. आपल्या दीर्घिकेत १० हजार कोटी ते ४० हजार कोटी तारे असावेत, असा अंदाज आहे. तिच्या तबकडीचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षे. सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे केंद्र आणि कडा यांच्या साधारण मध्यावर. प्रकाशवर्ष हे काळाचे नव्हे, अंतराचे माप आहे, हे येथेच पक्के करून घ्यावे. प्रकाश एका वर्षात सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जातो, ते हे अंतर.

२) अंतराची कल्पना ताटावरून द्यावी

लाख आणि कोटी हे आकडे मुले ऐकतात आणि विसरतात. म्हणून आम्ही एक फूट व्यासाचे जेवणाचे ताट घेतो. हे ताट म्हणजे आपली आकाशगंगा. मग सूर्य कोठे? मध्यापासून तीन इंचांवर. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. पण या ताटावर ते अंतर डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी भरते. आणि शेजारची मोठी दीर्घिका, म्हणजे देवयानी तारकासमूहात दिसणारी एम ३१? ती २५ लाख प्रकाशवर्षे दूर, म्हणजे आपल्या हिशेबाने पंचवीस फुटांवर ठेवलेले दुसरे, जरा मोठे ताट.

दोन मुलांना दोन ताटे घेऊन पंचवीस फुटांवर उभे केले की एक गोष्ट मुले आपण होऊन सांगतात : “ताऱ्यांच्या मानाने दीर्घिका एकमेकींच्या फारच जवळ आहेत!” हे अगदी खरे आहे. दोन ताऱ्यांची टक्कर जवळजवळ अशक्य, पण दोन दीर्घिकांची टक्कर मुळीच दुर्मीळ नाही. हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

३) शंभर वर्षांपूर्वी दुसरी दीर्घिका ठाऊक नव्हती

देवयानीतील हा पुसट ढग फार पूर्वीपासून माणसाच्या नजरेत होता. इसवी सन ९६४ च्या सुमारास अल-सूफी या पर्शियन ज्योतिर्विदाने आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात त्याची नोंद केली. पुढे १८४५ साली आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी आपल्या सहा फुटी आरशाच्या दुर्बिणीतून एम ५१ नावाच्या ढगात भोवऱ्यासारखी वळणे पाहिली आणि त्यांचे चित्र काढले. पण हे ढग आपल्याच आकाशगंगेतले की तिच्या बाहेरचे, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

२६ एप्रिल १९२० रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे या प्रश्नावर हार्लो शॅपली आणि हेबर कर्टिस या दोन शास्त्रज्ञांनी आपापली बाजू मांडली. शॅपली यांचे म्हणणे, आकाशगंगा अतिशय मोठी आहे, सूर्य तिच्या मध्यावर नाही आणि हे ढग वेगळ्या दीर्घिका नव्हेत. कर्टिस यांचे म्हणणे, हे ढग आपल्यासारख्याच स्वतंत्र दीर्घिका आहेत. ढगांच्या बाबतीत कर्टिस बरोबर ठरले आणि सूर्याच्या जागेच्या बाबतीत शॅपली. मोठा विद्वानही अर्धा बरोबर आणि अर्धा चूक असू शकतो, हे मुलांना येथे दिसते.

निकाल लागला तो एका मापपट्टीमुळे. हेन्रिएटा लेव्हिट या हार्वर्ड वेधशाळेत अल्प वेतनावर छायाचित्रांच्या काचा तपासण्याचे काम करीत. काही तारे ठरावीक काळाने उजळतात व मंदावतात. अशा ताऱ्याचा हा काळ जितका मोठा, तितका तो मुळात अधिक तेजस्वी असतो, असा संबंध त्यांनी शोधला आणि १९१२ साली तो प्रसिद्ध झाला. हे समजावायला दिव्याचे उदाहरण पुरते. रस्त्यावरचा दूरचा दिवा किती शक्तीचा आहे हे आधी ठाऊक असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते.

ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांत, देवयानीतील ढगात, असा एक तारा हेरला. हिशेब केला तेव्हा अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे निघाले. आकाशगंगा कितीही मोठी धरली तरी हा ढग तिच्या बाहेर पडत होता. १ जानेवारी १९२५ रोजी हे संशोधन विद्वत्सभेत वाचले गेले आणि विश्व एकदम मोठे झाले. लेव्हिट यांना मात्र ते पाहता आले नाही. १९२१ मध्येच त्यांचे निधन झाले होते. हबल यांचा आकडाही अखेरचा नव्हता. असे तारे दोन जातींचे असतात हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये दाखवल्यावर अंतर दुपटीहून अधिक वाढले, आणि आज ते २५ लाख प्रकाशवर्षे मानतात.

४) नावे नंतर, चित्रे आधी

आता आम्ही फळ्यावर प्रकार लिहून सुरुवात करीत नाही. अंतराळ दुर्बिणींनी टिपलेली दीर्घिकांची वीस-पंचवीस छायाचित्रे छापून घेतो, पत्त्यांप्रमाणे कापतो आणि चार-चार मुलांच्या गटाला एकेक जुडी देतो. सूचना एवढीच : “सारखी दिसणारी एकत्र ठेवा आणि का ठेवली ते सांगा.”

पहिल्या खेपेला मुलांनी पाडलेले गट आणि त्यांनीच दिलेली नावे अशी होती : ‘गोळे’, ‘भोवरे’, ‘रेघा’ आणि ‘विस्कटलेले’. भोवऱ्यांत पुन्हा ‘मध्ये काठी असलेले’ असा पोटगट एका गटाने केला. १९२६ साली हबल यांनी जी वर्गवारी मांडली, तिच्या फार जवळ ही मुले एका तासात पोहोचली होती. त्यानंतर शास्त्रीय नावे दिली, तेव्हा ती मुलांना परकी वाटली नाहीत.

५) मुख्य प्रकार

(अ) लंबवर्तुळाकार दीर्घिका : मुलांचे ‘गोळे’. यांत वळणे नसतात. मध्यभागी तेज अधिक आणि कडेला हळूहळू विरत जाते. तारे बहुतांशी म्हातारे, तांबूस-पिवळे. थंड वायू थोडाच उरलेला असल्याने नवे तारे फारसे जन्मत नाहीत. कन्या राशीच्या दिशेची एम ८७ ही अशी महाकाय दीर्घिका सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या केंद्रातील कृष्णविवराचे चित्र एप्रिल २०१९ मध्ये जगाने पाहिले. या प्रकाराला ई-० ते ई-७ असे क्रमांक आहेत आणि क्रमांक काढणे मुलांना पट्टीने जमते. चित्राची लांबी उणे रुंदी, भागिले लांबी, गुणिले दहा. लांबी १० सेंटीमीटर आणि रुंदी ७ सेंटीमीटर असेल तर ई-३. अगदी गोल असेल तर ई-०.

(आ) सर्पिल किंवा चक्राकार दीर्घिका : मुलांचे ‘भोवरे’. चपटी फिरती तबकडी, मध्ये फुगीर गाभा आणि त्याभोवती वळसे घेणारे फाटे. फाट्यांत वायू व धूळ पुष्कळ. तेथे नवे, निळसर, तेजस्वी तारे जन्मतात. गाभा मोठा व फाटे घट्ट असतील तर एस-ए, मध्यम असतील तर एस-बी, गाभा लहान व फाटे सैल असतील तर एस-सी. देवयानी दीर्घिका सर्पिल आहे.

(इ) दंडयुक्त सर्पिल दीर्घिका : पाठ्यपुस्तकात यांना अवरुद्ध चक्राकार असेही म्हटलेले आढळते. गाभ्यातून ताऱ्यांचा एक सरळ दांडा गेलेला असतो आणि त्याच्या टोकांपासून फाटे निघतात. आपली आकाशगंगा या प्रकारची आहे.

(ई) भिंगाकार दीर्घिका : तबकडी आहे, गाभा आहे, पण फाटे नाहीत. पहिल्या दोन प्रकारांच्या मधली म्हणून तिला एस-० म्हणतात.

(उ) अनियमित दीर्घिका : मुलांचे ‘विस्कटलेले’. ठरावीक आकार नाही. वायू भरपूर आणि नवे तारे जोमाने तयार होत असतात. मॅजेलनचे दोन ढग या गटात धरले जातात. ते दक्षिण गोलार्धातून नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मोठा ढग सुमारे १ लाख ६० हजार आणि लहान ढग सुमारे २ लाख प्रकाशवर्षे दूर आहे.

६) मग ‘रेघा’ कोठे गेल्या?

हबल यांच्या वर्गवारीत ‘रेघ’ हा प्रकारच नाही. मुलांनी तो केला होता आणि तो चूक आहे असे सांगून आम्ही मोकळे झालो नाही. पुन्हा ताट हाती घेतले आणि त्याच्या मध्यावर अर्धे लिंबू चिकटवले. समोरून पाहिले तर गोल. तिरके केले तर लंबगोल. कडेने डोळ्यांच्या रेषेत धरले तर रेघ, आणि मध्ये फुगवटा. “म्हणजे रेघ हीसुद्धा भोवराच, फक्त आडवी धरलेली!” हे वाक्य एका मुलाचेच. अख्खे लिंबू मात्र कसेही फिरवले तरी साधारण गोलच दिसते.

यातून मोठा धडा मिळतो. आपल्याला दिसणारा आकार काही अंशी वस्तूचा असतो आणि काही अंशी आपण उभे असलेल्या जागेचा. प्रकार ठरवण्याआधी “मी हे कोठून पाहतो आहे?” असे विचारावेच लागते.

७) फाटे टिकतात कसे?

फाट्यांसाठी आम्ही कोऱ्या चहाचा प्रयोग करतो. चहा चमच्याने ढवळून त्यात दुधाचे दोन थेंब सोडले की सुंदर वळणे उमटतात. पण क्षणभरात ती गुंडाळली जाऊन नाहीशी होतात. मग दीर्घिकेचे फाटे का गुंडाळले जात नाहीत? सूर्याला केंद्राभोवती एक फेरी घालायला सुमारे २३ कोटी वर्षे लागतात आणि त्याचे वय ४६० कोटी वर्षे आहे. म्हणजे त्याच्या वीसेक फेऱ्या झाल्या. केंद्राजवळच्या ताऱ्यांच्या फेऱ्या तर याहून कितीतरी अधिक. फाटे म्हणजे त्याच त्या ताऱ्यांची रांग असती, तर ती केव्हाच गुंडाळली गेली असती.

याचे एक महत्त्वाचे उत्तर रस्त्यावरच्या गर्दीत सापडते. रस्ता खोदलेला असेल तेथे वाहने हळू होतात व दाटी होते. वाहने पुढे जातात, नवी येतात, दाटी मात्र तेथेच दिसते. मोठ्या, रेखीव फाट्यांतही तारे आणि वायू असेच आत येतात व बाहेर पडतात. दाटीत वायू दाबला जातो, नवे तारे पेटतात आणि फाटा उजळून दिसतो.

८) आमची चूक आणि तिची दुरुस्ती

हबल यांनी १९३६ च्या आपल्या पुस्तकात ही वर्गवारी चिमट्यासारख्या आकृतीत मांडली. डावीकडे दांड्यावर लंबवर्तुळाकार, तेथून दोन फाटे. एकावर साधे सर्पिल आणि दुसऱ्यावर दंडयुक्त. डावीकडच्यांना ‘आधीच्या’ आणि उजवीकडच्यांना ‘नंतरच्या’ असे शब्द रूढ झाले. हे शब्द वाचून आम्ही वर्गात बेधडक सांगून बसलो की गोल दीर्घिका आधी जन्मतात आणि मोठ्या झाल्या की त्यांना फाटे फुटतात.

हे चूक होते. ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे आकृतीतले स्थान आहे, वय नव्हे. हबल यांनीही हे शब्द काळाच्या अर्थाने घेऊ नयेत असे बजावले होते. उलट गोल दीर्घिकांतच तारे अधिक म्हातारे आढळतात. १९७२ साली आलार आणि जूरी टूमरे या बंधूंनी संगणकावर गणित करून दोन सर्पिल दीर्घिकांच्या टकरीत त्यांचे आकार कसे ओढले-ताणले जातात ते दाखवले. अशा टकरीनंतर दोघी मिळून एक होतात आणि ताऱ्यांच्या शिस्तबद्ध कक्षा विस्कटून लंबवर्तुळाकार दीर्घिका तयार होऊ शकते, हे पुढे मान्य झाले. म्हणजे आम्ही सांगितलेला क्रम पुष्कळदा उलटाच चालतो. दाट वस्तीच्या दीर्घिकासमूहांत लंबवर्तुळाकार व भिंगाकार जास्त आणि एकट्या-दुकट्या ठिकाणी सर्पिल जास्त, असेही दिसून आले आहे.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गापुढे उभे राहून सांगितले, “आम्ही चुकीचे शिकवले, वहीतली ती ओळ खोडा.” मुले आधी चकित झाली, मग त्यांनी ती ओळ मोठ्या उत्साहाने खोडली. त्यानंतर ती अधिक प्रश्न विचारू लागली, हे आम्ही अनुभवले. कोणाला कोणत्या रकान्यात बसवले आणि त्या रकान्याला काय नाव दिले, यावरून त्याची थोरवीही ठरत नाही आणि वंशावळही ठरत नाही. वर्गवारी माणसाने सोयीसाठी केलेली असते. पुरावा वेगळे सांगू लागला की ती बदलायची असते.

९) हे काम आजही चालू आहे

“सगळे शोधून झाले असेल, आता आपण काय करणार?” असे मुले विचारतात. त्यांना आम्ही दोन हकिकती सांगतो.

जुलै २००७ मध्ये ‘गॅलक्सी झू’ हा उपक्रम सुरू झाला. सुमारे ९ लाख दीर्घिकांची छायाचित्रे सामान्य लोकांपुढे ठेवली गेली आणि ‘ही गोल की सर्पिल?’ एवढेच विचारले गेले. एक लाखाहून अधिक लोकांनी हे काम हाती घेतले. त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या हॉलंडमधील शाळेच्या शिक्षिकेला एका दीर्घिकेजवळ विचित्र डाग दिसला. तो काय आहे असे त्यांनी विचारले, तेव्हा तज्ज्ञांपाशीही तयार उत्तर नव्हते. पुढे कळले की तो शेजारच्या दीर्घिकेच्या एकेकाळी प्रखर असलेल्या केंद्राच्या प्रकाशाने उजळलेला वायूचा ढग होता. आज तो त्या शिक्षिकेच्या नावाने ओळखला जातो.

दुसरी हकिकत आपल्या पुण्याची. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ही पुण्याची संस्था. जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ती याच संस्थेची. या संस्थेतील दोन संशोधकांनी जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीच्या छायाचित्रांत एक रेखीव, दोन फाट्यांची सर्पिल दीर्घिका शोधली आणि २०२५ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. तिचे नाव त्यांनी अलकनंदा ठेवले. मंदाकिनीची बहीण म्हणून. विश्वाचे वय अवघे १५० कोटी वर्षे असतानाची ही दीर्घिका आहे. इतक्या लहान वयाच्या विश्वात दीर्घिका ओबडधोबड असतील, रेखीव फाटे तयार व्हायला पुष्कळ काळ लागेल, अशी समजूत होती. आता त्या समजुतीचा पुन्हा विचार करावा लागत आहे.

१०) शेवटचा तास आकाशाखाली

शहरातील दिव्यांमुळे आमच्या मुलांनी आकाशगंगा पाहिलीच नव्हती. म्हणून डिसेंबरच्या अमावास्येच्या सुमारास त्यांना एका खेडेगावी नेले. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संध्याकाळनंतर डोक्यावर भाद्रपदा नक्षत्रांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. त्याच्या ईशान्येकडील कोपऱ्यापासून देवयानीच्या ताऱ्यांची ओळ निघते. त्या ओळीतला दुसरा ठळक तारा गाठावा आणि तेथून उत्तरेला, शर्मिष्ठेच्या बाजूला, दोन मंद ताऱ्यांवरून वर सरकावे. दुसऱ्या ताऱ्याशेजारी पुसट, लांबट डाग दिसतो. साधी दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास दहा-पंधरा मिनिटे डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी.

तो डाग शोधायला आम्हाला बराच वेळ लागला. सापडल्यावर कोणी ओरडले नाही. आपल्या डोळ्यांत या घडीला शिरणारा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता, एवढेच आम्ही हळू आवाजात सांगितले. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता, ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “सर, आपण हिला तिरकी पाहतोय. ताट तिरके धरले होते ना, तशी.”

दीर्घिकांचे प्रकार तिला आता पाठ आहेत की नाहीत, हे आम्ही विचारले नाही. तिला ते दिसले होते. आपल्या वस्तीतील प्रत्येक मुलाला असे पाहण्याची, विचारण्याची आणि चुकीची ओळ स्वतःच्या हाताने खोडण्याची संधी मिळावी, यासाठी एक ताट, एक लिंबू, थोडी चित्रे आणि एक अंधारी रात्र पुरेशी आहे. तेवढे आपण सर्वांनी मिळून करू या.